प्राचीन संस्कृती शिकवताना: ओळीनं एकेक, की मालाच्या मागोमाग?

प्राचीन संस्कृती आणि व्यापारी राज्यं हा भाग हायस्कूलला दोन तऱ्हांनी घेता येतो. पहिली अंगवळणी पडलेली: मेसोपोटेमिया संपवा, इजिप्त घ्या, मग सिंधू, मग चीन, आणि वर्ष संपत आलं की घाईघाईत आफ्रिकेतली अक्सुम, घाना, माली ही राज्यं. दुसरीत तांबं, सोनं, मीठ असा एखादा माल धरायचा आणि तो जिथे जिथे गेला तिथे वर्गाला न्यायचं. मी दोन्ही करून पाहिलंय.

ओळीनं शिकवलं की काळाचा क्रम पक्का बसतो. पाठ्यपुस्तक आणि परीक्षा त्याच क्रमानं असतात, तयारीही कमी लागते. पण तिसऱ्या संस्कृतीपर्यंत वहीतले मथळे तेच ते होतात: नदी, शहरं, लिपी, देव, ऱ्हास. मुलं रकाने भरत जातात आणि पेपरात मेसोपोटेमियातलं पायऱ्यापायऱ्यांचं मंदिर, झिगुरात, नाईलच्या काठी उभं राहतं. खरी अडचण वेगळीच आहे. सिंधू खोऱ्यातल्या मुद्रा मेसोपोटेमियातल्या उर शहरात सापडल्या. मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, असं मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन मिरवतो, आणि मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे सांगायचं कुठल्या धड्यात? मेसोपोटेमियाच्या वेळी सिंधू झालेली नसते, सिंधूच्या वेळी सारगॉन विसरलेला असतो.

मालाच्या मागे गेलं की हा गुंता सुटतो. तांब्यासाठी मी उलुबुरुनचं जहाज घेते. इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालं. फळ्यावर फक्त दोन आकडे लिहायचे: तांबं सुमारे १० टन, कथील सुमारे १ टन. कथील एवढंसंच का, असं कुणीतरी विचारतंच. साधारण याच प्रमाणात मिसळून कांस्य होतं, हे कळलं की जहाजावरचा माल कुणाला आणि कशाला हवा होता यावर वर्ग स्वतःच बोलू लागतो. मग उरची मातीची पाटी काढायची, इ.स.पू. १७५० च्या आसपासची. नन्नी नावाचं गिऱ्हाईक एआ-नासिर या व्यापाऱ्याला झापतंय: तांबं हलकं दिलंस, वर माझ्या माणसाला नीट वागवलं नाहीस. क्यूनिफॉर्म, म्हणजे मातीच्या पाटीवर खुणा दाबून लिहायची लिपी, कशासाठी वापरत, हे परत सांगावं लागत नाही.

मिठाचा तास याहून चांगला होतो. अल-बकरी या अरबी भूगोलकारानं १०६८ मध्ये लिहून ठेवलंय की पश्चिम आफ्रिकेतल्या तेव्हाच्या घानाचा राजा मिठाच्या गाढवाच्या ओझ्यावर आत येताना एक दिनार घेई, बाहेर जाताना दोन. दोन का? यावर अख्खा तास जातो, जाऊ द्यावा. तोच लिहितो की सोन्याचे गोळे राजाकडे जमा होत, लोकांकडे फक्त चुरा राही, नाहीतर सोन्याला किंमत उरली नसती. यानंतर १३२४ मध्ये कैरोत सोनं वाटत सुटलेला मालीचा राजा मान्सा मुसा आणि तिथे घसरलेला सोन्याचा भाव सांगितला, की समजावायला काही उरत नाही.

पण या तऱ्हेत जे विकलं जात नाही ते निसटतं. शेतकरी, देव, मृत्यूनंतरच्या कल्पना गळतात, इजिप्त तर फारच रोडावतो. सहारा ओलांडून मिठासोन्याबरोबर गुलाम म्हणून माणसंही विकली गेली. मालाच्या यादीत ती सहज सांगून पुढे जाता येत नाही, त्याला वेगळा तास ठेवावाच लागतो. आणि काळाची पार खिचडी होते. एआ-नासिरनं मान्सा मुसाला तांबं विकलं असेल का, असं एकानं मला अगदी मनापासून विचारलं होतं.

परीक्षा बाहेरून येत असेल आणि प्रश्न धड्यांवर बेतलेले असतील, तर ओळीनंच जा. फक्त सिंधू झाल्यावर एक तास सारगॉनच्या जहाजांना द्या. प्रश्नपत्रिका तुमच्या हातात असेल तर माझं मत मालाच्या बाजूनं. मात्र दोनच माल घ्या, तिसरा घेतला की सगळंच उथळ होतं. आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर दोरी ताणा, हजार वर्षांना एक मीटर. मेसोपोटेमियातल्या उरुक शहरातलं इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं लेखन ते मान्सा मुसा, साडेचार मीटर होतात. एआ-नासिरची चिठ्ठी आणि अल-बकरीचं मीठ मुलांनाच टाचायला सांगा. मध्ये पावणेतीन मीटरहून जास्त दोरी मोकळी राहते.