राइट क्लिकचा मेनू आपल्या मापाचा करून घेतला: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. राइट क्लिकच्या मेनूत नव्या ओळी घालण्यात मजा फार आहे, पण कामाचा फायदा जुन्या ओळी काढण्यात आहे. हे कळल्यावर आमच्या ऑफिसातल्या तीन कॉम्प्युटरवर तीन वेगळ्या तऱ्हेचे मेनू ठेवले, आणि आता तिन्हीकडे कुणाची तक्रार नाही.

आमचं ऑफिस सोलापूरला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल-नॅपकिन आणि चादरीच्या कारखान्यात. एक कॉम्प्युटर डिझाइनचा, तो माझ्याकडे. दुसरा हिशेबाचा, तो अक्कांकडे. तिसरा माल पाठवणीचा, तिथं जो रिकामा असेल तो बसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही मशीन विंडोज ११ वर नेली. सुट्टीनंतर पहिला प्रश्न अक्कांचा: "अरे, प्रिंट कुठं गेलं रे? कालपर्यंत इथंच होतं की!"

प्रिंट गेलं नव्हतं, एक पायरी खाली सरकलं होतं. विंडोज ११ मध्ये राइट क्लिक केलं की आधी छोटा मेनू येतो. कट, कॉपी, रिनेम, डिलीट यांची चिन्हं एका रांगेत, आणि बाकीचा जुना पसारा 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड. मायक्रोसॉफ्टनं याचं कारण २०२१ मध्येच दिलं होतं आणि ते पटण्यासारखं आहे. विंडोज एक्सपीच्या काळापासून वीस वर्षं या मेनूवर कुणाचा धरबंध नव्हता. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर जागा दिसेल तिथं दुकान टाकावं, तसं प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपली ओळ टाकली. शिवाय यातल्या बऱ्याच ओळींचा कोड एक्सप्लोररच्या, म्हणजे फाइली-फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमच्या, पोटातच चालतो, त्यामुळे एक ओळ अडखळली की अख्खा मेनू अडखळतो. नव्या मेनूत यायचं तर सॉफ्टवेअरला नव्या पद्धतीनं नोंद करावी लागते. आमच्याकडची जुनी सॉफ्टवेअर ती करत नाहीत, म्हणून ती सगळी दुसऱ्या पडद्याआड.

ज्यांना काहीच बसवायचं नाही त्यांनी एवढंच करावं: शिफ्ट दाबून राइट क्लिक. थेट जुना मेनू येतो. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ-१० दाबलं तरी तेच. पाठवणीच्या कॉम्प्युटरवर मी एवढंच शिकवलं आणि हात आखडता घेतला. रोज माणूस बदलतो तिथं मेनू बदलणं म्हणजे रोज नव्यानं समजावत बसणं.

अक्कांच्या मशीनवर मात्र कायमचा जुना मेनू परत आणला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगची वही, आणि तिच्यातला एकेक कप्पा म्हणजे किल्ली (की). तिथं करंट यूजरच्या खाली सॉफ्टवेअर, क्लासेस, सीएलएसआयडी या वाटेवर ८६ नं सुरू होणारी एक लांबलचक किल्ली तयार करायची, तिच्या पोटात 'इनप्रॉकसर्व्हर३२' नावाची दुसरी, आणि तिची डिफॉल्ट किंमत रिकामी ठेवायची. 'व्हॅल्यू नॉट सेट' असं दिसत असेल तर ती रिकामी नव्हे. उघडून, काही न लिहिता ओके करावं लागतं. मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, कारण बदल त्या यूजरपुरताच असतो. नको झालं तर ती किल्ली पुसली की नवा मेनू परत.

जुना मेनू आला, पण त्याच्याबरोबर त्याचा आळसही आला. शेअर केलेल्या फोल्डरवर राइट क्लिक केलं की गोल फिरत राहायचं आणि चहाचा घोट घेऊन झाल्यावर मेनू उघडायचा. इथं निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू कामाला आलं. छोटं, फुकट, बसवावंही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या ओळी ते गुलाबी रंगात दाखवतं. एफ-७ नं ओळ बंद, एफ-८ नं परत चालू. कुठलीच गोष्ट पुसली जात नाही, म्हणून भीती नाही. पद्धत सोपी: गुलाबीपैकी निम्म्या बंद करायच्या, एक्सप्लोरर रीस्टार्ट करायचा, बघायचं. वेग आला तर चोर त्या निम्म्यांत. मग त्यातल्या निम्म्या. आमचा चोर निघाला सीडी राइट करणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरचा मागं राहिलेला तुकडा. मशीनला सीडी ड्राइव्हच नाही! तो बंद केला आणि मेनू लगेच उघडायला लागला. कुणी मला या सगळ्या उद्योगातली एकच गोष्ट करायला सांगितली, तर मी हीच करेन.

अक्कांची दुसरी अडचण मेनूच्या एका नियमामुळे होती, आणि तो नियम फार कमी लोकांना माहीत असतो. महिनाअखेरीला त्या बिलांच्या पीडीएफ एकदम निवडून प्रिंट द्यायच्या. कधी प्रिंटची ओळ दिसायची, कधी नाही. पंधरापेक्षा जास्त फाइली निवडल्या की विंडोज ओपन, प्रिंट अशा ओळी मेनूतून मुद्दाम काढून घेतं, चुकून शंभर खिडक्या एकदम उघडू नयेत म्हणून. रजिस्ट्रीत एक्सप्लोररच्या किल्लीत 'मल्टिपल इनव्होक प्रॉम्प्ट मिनिमम' नावाची संख्या घालून ही मर्यादा वाढवता येते. मी ती वाढवली आहे, पण बेताची. प्रिंटरचा ट्रे भरलेला असतोच असं नाही.

आता माझ्या मशीनवर येतो, कारण खरे प्रयोग तिथं झाले. मी नाइलसॉफ्ट शेल वापरतो. हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, विंडोज ७ पासून ११ पर्यंत चालतं आणि राइट क्लिकचा अख्खा मेनू आपल्या ताब्यात घेतं. दिसायला देखणं. मेनूचा रंग, ओळींमधलं अंतर, चिन्हं, सगळं बदलता येतं. पण सेटिंगची खिडकी नाही. जे काही करायचं ते मजकुराच्या फाइलींत लिहून करायचं, आणि माहितीची पानं इंग्रजीत. ज्यांना एक्सेलचा फॉर्म्युला लिहायचाही कंटाळा येतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला मात्र हीच गोष्ट आवडली. त्या फाइली कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवल्या की नव्या मशीनवर तसाच मेनू. एखादी ओळ कुठल्या फाइलींवर दिसावी, किती फाइली निवडल्यावर दिसावी, अशा अटी घालता येतात. तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करायची सोय त्यात आयतीच मिळते. रोजच्या सॅम्पलचे फोटो मी त्यातच टाकतो.

अटींचं महत्त्व आमच्या धंद्यात जास्त का, ते सांगतो. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइनची फाइल बिटमॅप (बीएमपी) असते. तिच्यातला एक ठिपका म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथं एकमेकांना छेदतात ती जागा. त्या फाइलीचा आकार कुणी 'जरा लहान' केला, तर डिझाइन लहान होत नाही, ते बिघडतं. उलट गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे फोटो लहान केल्याशिवाय जमत नाही. म्हणजे 'फोटो लहान करा' ही ओळ जेपीजीवर हवीच आणि बीएमपीवर अजिबात नको. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या टूल्सच्या संचात फोटो लहान-मोठा करणारा इमेज रिसायझर आहे, चांगला आहे, घरी मी तोच वापरतो. पण तो बीएमपीवरही तितक्याच प्रेमानं हजर होतो. म्हणून ऑफिसात माझी ओळ मी स्वतः लिहिली. ती फक्त जेपीजीवर दिसते, इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमला बोलावते आणि लहान केलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. मूळ फोटोला हात लागत नाही. नाइलसॉफ्ट शेलशिवायही हे होतं. रजिस्ट्रीत 'सिस्टम फाइल असोसिएशन्स'च्या खाली त्या एक्स्टेन्शनपुरती ओळ घालता येते. फक्त लक्षात ठेवा, अशी ओळ निवडलेल्या प्रत्येक फाइलीसाठी कमांड वेगळी चालवते. फोटो दहा, तर कमांडच्या काळ्या खिडक्याही दहा.

यावर जुना उपाय म्हणजे 'सेंड टू'. रन बॉक्समध्ये शेल, कोलन, सेंडटू असं इंग्रजीत जोडून टाइप केलं की एक फोल्डर उघडतं. त्यात बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली साधी फाइल) ठेवली तर निवडलेल्या सगळ्या फाइलींची नावं तिला एकदमच मिळतात. साध्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवला तर फाइल तिकडे जाते. अक्कांच्या 'सेंड टू'मध्ये आता ई-वे बिल, चलन आणि सीएकडे पाठवायचं, असे तीन शॉर्टकट आहेत. फॅक्सचा तिथला शॉर्टकट काढून टाकला. रजिस्ट्री नको, वेगळं सॉफ्टवेअर नको, आणि चुकलं तर शॉर्टकट पुसला की झालं. इतकी वर्षं ही सोय डोळ्यासमोर पडून आहे आणि लोक मात्र मोठमोठी टूल्स शोधत फिरतात.

ओळींची नावं मराठीत ठेवली. 'आजचं फोल्डर', 'फोटो लहान करा', 'चलनात टाका'. छान दिसतात आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रजिस्ट्रीची फाइल नोटपॅडमध्ये लिहून चालवणार असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-१६ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो. दुसरं, मेनू उघडल्यावर कीबोर्डवरून ओळ निवडायची तर पहिलं अक्षर दाबावं लागतं आणि इंग्रजी कीबोर्डवर 'फ' कुठून आणणार? म्हणून मी प्रत्येक नावाआधी इंग्रजी आकडा घातला. आता मेनू उघडून एक दाबलं की आजचं फोल्डर तयार.

सुरुवातीला हौसेनं घातलेल्या बऱ्याच ओळी आता उरलेल्या नाहीत. टर्मिनल इथं उघडा, फाइलीचा हॅश (फाइल ओळखायचा आकडा) काढा, मालकी घ्या. असल्या ओळी वाचायला भारी, कामाला महिन्यातून एकदाही नाहीत. 'मालकी घ्या' तर सामायिक मशीनवर ठेवूच नये. फोल्डरच्या परवानग्या बदलण्याचं हत्यार कुणाच्याही हाती एका क्लिकवर देऊ नका. फाइलीचा पूर्ण पत्ता कॉपी करणारी 'कॉपी ॲज पाथ' ही ओळ मी वर आणून ठेवली होती, नंतर कळलं की विंडोज ११ मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी नं तेच होतं, म्हणून तीही गेली.

खर्च शून्य, फक्त वेळ. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी शेलएक्सव्ह्यू चालवावं, सेंड टू साफ करावं आणि थांबावं. रजिस्ट्रीत हात घालणाऱ्यांनी आधी ती किल्ली एक्सपोर्ट करून ठेवावी. आणि विंडोजचा मोठा अपडेट आला की जुना मेनू जागेवर आहे का ते बघावं. ती युक्ती मायक्रोसॉफ्टनं अधिकृत म्हणून दिलेली नाही, उद्या बंद झाली तर दाद मागायला जागा नाही. अक्कांना शिफ्ट आणि राइट क्लिक मी त्यासाठीच शिकवून ठेवलंय.