न्हावा शेवा बंदरातले आमचे सीएचए (कस्टम हाऊस एजंट, कस्टम्समधून माल सोडवून देणारे), तीन वर्षं काम करून घेतल्यानंतरचा रिव्ह्यू

मी भोसरीला एका छोट्या कंपनीत इम्पोर्ट कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे कार्डावर तसं छापलंय, बाकी दिवसभर "माल कुठाय" ह्याचंच उत्तर देत बसायचं. प्रॉडक्शनवाले विचारतात, साहेब विचारतात, ट्रान्सपोर्टवाला तर गाडी उभी करून विचारतो. आणि ते उत्तर असतं सीएचएकडे. (२०१३ पासून कागदोपत्री कस्टम्स ब्रोकर म्हणायचं, पण मला तरी अजून तसं म्हणणारा कोणी भेटला नाहीये.) फर्मचं नाव टाकत नाही, ऑफिसला विचारलेलं नाही, पण कोणी सीएचए बदलायच्या विचारात असेल तर नेमकं काय बघायचं ते कळेल म्हणून लिहितेय.

आधी जे होते त्यांचं सांगते. माणूस गोड, फोन केला की "होऊन जाईल मॅडम". तैवानहून कंटेनर येत होता, इन्व्हॉइसवर वर्णन काय तर नुसतं "मशीन पार्ट्स". जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं डिक्लरेशन) भरलेली पाहिजे, त्यात सुट्टीबिट्टी काही सोडत नाहीत, आणि ह्यांनी भरली दोन दिवस उशिरा. पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि नंतर रोजचे १०,००० असा लेट चार्ज असतो, म्हणजे १०,००० तिथेच गेले. मग कस्टम्सची क्वेरी आली की हे पार्ट्स कसले, कशाचे बनलेत, कुठल्या मशीनला लागतात. ह्यांचं उत्तर काय, तर इन्व्हॉइसप्रमाणे. अर्थातच परत क्वेरी. शनिवार रविवार मध्ये, शिपिंग लाइनचे फ्री डेज (कंटेनर फुकट ठेवायचे दिवस) संपले, डिटेन्शन (त्यानंतरचा कंटेनरचा दंड) डॉलरमध्ये सुरू, सीएफएसचं (बंदराजवळ कंटेनर ठेवतात त्या यार्डचं) भाडं वेगळं, आणि इकडे फॅक्टरीत प्रॉडक्शन बंद म्हणून प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसलेले. त्या आठवड्यात मी घरी कोणाशी धड बोलले नव्हते.

नंतर आत्ताचे घेतले. पहिल्याच कन्साइनमेंटला त्यांच्याकडच्या मुलाने फोन करून ड्राफ्ट इन्व्हॉइस मागितलं, मी म्हटलं अहो माल अजून तिकडून निघायचाय, तर म्हणतो "म्हणूनच मागतोय ताई, निघाल्यावर मागून काय करू". मला तेव्हा जरा आगाऊपणा वाटला होता खरं तर.

पण त्याचं बरोबर होतं. पूर्वी सीएचए चांगला म्हणजे काय, तर ज्याला कस्टम हाऊसात कुठलं टेबल कुठल्या साहेबाचं ते माहीत. २०२० साली फेसलेस असेसमेंट आलं आणि ते सगळं गेलं. माल न्हावा शेवाला उतरतो आणि फाइल उघडणारा ऑफिसर भलत्याच शहरात, त्याच्यासमोर फक्त ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन सिस्टीमवर) चढवलेले कागद. तिथे तुमची ओळख नाही, चहा नाही, फक्त लिहिलंय काय तेवढंच. त्यामुळे आता चांगला सीएचए म्हणजे ज्याला नीट वाचता आणि लिहिता येतं तो. हे लोक कॅटलॉग, ड्रॉइंग, मटेरियल काय ते सगळं आधीच जोडतात, आणि क्वेरी आलीच तर उत्तर माझ्याकडून वाचून घेऊन मगच टाकतात.

सगळ्यात मोठी गोष्ट गेल्या वर्षीची. माल थायलंडचा, बिल सप्लायरच्या सिंगापूर ऑफिसचं. आमच्या पार्ट्सवर बेसिक ड्युटी ७.५ टक्के, त्यावर १० टक्के सरचार्ज, मग सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, असं मिळून २७.७३५ टक्के बसतं (हा आकडा मला झोपेतही पाठ आहे). २० लाखाच्या मालावर ५,५४,७०० रुपये. त्यातला आयजीएसटी क्रेडिटमध्ये परत येतो पण बेसिक आणि सरचार्जचे १,६५,००० गेले ते गेले. आसियानचं ओरिजिन सर्टिफिकेट (माल आसियानमधल्या देशातलाच आहे असा दाखला) असलं की आम्हाला बेसिक शून्य लागते. तर त्या सर्टिफिकेटचा स्कॅन बघून ह्या मुलाने पकडलं की बिल तिसऱ्या देशातून आहे आणि त्याचा रकाना टिक केलेलाच नाही. मी तोच स्कॅन दोनदा बघितला होता बरं का. सप्लायरने कुरकुर करत सर्टिफिकेट नवीन करून दिलं, जहाज यायच्या आत. तसंच गेलं असतं तर सवलत अडकली असती आणि पुढचे महिनाभर मी पत्रं लिहीत बसले असते.

चेकलिस्ट (बिल ऑफ एंट्रीचा ड्राफ्ट) न चुकता येते, माझा ओके आल्याशिवाय फाइल करत नाहीत. बिल ऑफ लेडिंगचं (शिपिंग लाइनने दिलेल्या मालाच्या पावतीवरचं) वजन आणि पॅकिंग लिस्टचं वजन जुळत नाही हे तर त्यांनी दोनतीनदा काढलंय. आणि कंटेनर कस्टम्सच्या तपासणीला लागला तर लागला असं सरळ सांगतात, "सिस्टीम स्लो आहे" वगैरे नाही.

आता वैताग. बिलं! आउट ऑफ चार्ज (माल सोडायची कस्टम्सची परवानगी) मिळून माल फॅक्टरीत येऊन वापरून झाला तरी ह्यांचं बिल नाही, दीड दोन महिन्यांनी येतं, आणि त्यात "इतर खर्च" म्हणून एक ओळ असतेच, १,८०० नाहीतर २,२००, पावती मागितली की "बघून सांगतो". एजन्सी चार्ज आधीच्यांपेक्षा कंटेनरमागे १,५०० जास्त घेतात ते मला चालतं, साहेबांना पण चालतं, पण ही ओळ अकाउंट्सला दर वेळी समजावायची मला. दुसरं म्हणजे व्हॉइस नोट. रात्री अकराला चार मिनिटांची व्हॉइस नोट, आणि कामाची गोष्ट शेवटच्या दहा सेकंदात, की उद्या सकाळी ड्युटी भरायचीये. ड्युटी थकली की वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, त्यामुळे ऐकावीच लागते, मुलगी झोपलेली असते म्हणून बाथरूममध्ये जाऊन ऐकते.

एक सांगून ठेवते, फर्म चांगली म्हणजे तुमची फाइल बघणारा माणूस चांगला असं नसतं. हा मुलगा गावच्या जत्रेला गेला तेव्हा आठ दिवस दुसऱ्याने बघितलं आणि कंटेनरचा नंबरच चुकीचा टाकला होता, नशीब चेकलिस्टमध्ये सापडलं. म्हणून घेताना मालकाशी नका बोलत बसू, तुमची फाइल कोण बघणार ते विचारा आणि त्याच्याशी बोला. आमच्या ह्या मुलाची कस्टम्सची "G कार्ड"ची (सीएचएकडच्या माणसांसाठी असते ती) परीक्षा आहे म्हणतोय, पास झाला की कुठे दुसरीकडे जातो की काय अशी मला धाकधूक.

पाचपैकी चार देईन. पाचवा स्टार मार्चच्या कंटेनरचं बिल आल्यावर बघू.