आमच्या ग्रामपंचायतीची ग्रामसभा: एका गावकऱ्याचा अभिप्राय
महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षाला किमान 4 ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि आमच्याकडे त्या होतातही. परंतु नोटीस बंद कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर लागते आणि दवंडी माणसे कापूस वेचायला गेल्यावर फिरते. महिलांची सभा मात्र आधी होते व चांगली भरते, हे मान्य केले पाहिजे. इतिवृत्ताची नक्कल मागितली असता मला दोनदा परत पाठवण्यात आले. अखेर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज केल्यावर 30 दिवसांच्या मुदतीत ती मिळाली, तेव्हा तीत सभेत कधीच न वाचलेला नालीबांधकामाचा ठराव निघाला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीशिवाय निर्णय घेत नाही. आमच्याकडे निदान ठराव सभेतच मोठ्याने वाचून मगच सह्या घ्याव्यात.