इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. पांढऱ्या पेशी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या आणि पाणथरी इतकी वाढली होती की ते अर्ध्या भाकरीतच ताटावरून उठत. तेव्हापासून दुपारच्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर, ते ही गोळी घेत आहेत.

या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर व एबीएल ही जनुके एकमेकांना जोडली जातात, आणि त्या जोडजनुकातून तयार होणारे प्रथिन पेशींना सतत वाढायला लावते. इमॅटिनिब नेमके त्याच प्रथिनाला ऊर्जा मिळण्याची जागा अडवते. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध आपल्याला परवडते, कारण भारतीय कंपन्या ते बनवतात आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला.

आमच्या घरी दीड महिन्यात पेशी नऊ हजारांवर आल्या. त्रास अगदीच नाही असे नाही. सकाळी वडिलांच्या पापण्या इतक्या सुजतात की चष्म्याची काच त्यांना टेकते, आणि रात्री पोटरीत गोळे येतात. तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही एकही गोळी चुकवलेली नाही.

तक्रार आहे ती औषधाच्या दुकानाबद्दल. एका महिन्यात न सांगता दुसऱ्या कंपनीची पाकिटे दिली गेली. गोळीचा रंग वेगळा दिसला म्हणून वडिलांनी ती हातात धरून मला विचारले, तेव्हा कुठे ते लक्षात आले. औषध तेच असले तरी रुग्णाला आधी सांगायला हवे होते.

दर तीन महिन्यांनी होणारी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी, म्हणजे रक्तात ते जोडजनुक किती उरले आहे हे मोजणारी तपासणी, मात्र मला गोळीइतकीच महत्त्वाची वाटते. बरे वाटू लागले की ती टाळण्याकडे कल होतो, पण साध्या रक्ततपासणीत सगळे ठीक दिसत असतानाही जोडजनुक पुन्हा वाढत असेल तर ते इथेच कळते. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. उपचाराच्या पहिल्या वर्षाअखेरीस हा आकडा ०.१ टक्क्याच्या आत असावा असे उद्दिष्ट असते, वडिलांचा ०.०६ आला, आणि त्या दिवशी त्यांनी शेंगाचटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या.