जस्टिस लीग की यंग जस्टिस : आधी कोणती बघायची?

दोन्ही मालिका डीसी कॉमिक्सच्या, दोन्ही कार्टून नेटवर्कवर सुरू झालेल्या आणि लांबीलाही जवळपास सारख्याच. ‘जस्टिस लीग’ आणि तिचीच पुढची कथा असलेली ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ मिळून 91 भाग होतात, तर ‘यंग जस्टिस’चे चार सीझन मिळून 98. एक भाग साधारण बावीस मिनिटांचा. म्हणजे कोणतीही हाती घेतली तरी तीस-पस्तीस तास द्यावे लागणार. एवढा वेळ घालवायचा तर आपल्याला, किंवा घरातल्या मुलांना, काय हवंय ते आधी ठरवलेलं बरं. नावं सारखी असली तरी या मालिकांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

‘जस्टिस लीग’ नोव्हेंबर 2001 मध्ये आली. निर्माता ब्रूस टिम, ज्याने नव्वदच्या दशकात बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या ॲनिमेशन मालिका घडवल्या होत्या. टीममध्ये सात जण : सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल आणि मार्शियन मॅनहंटर. ‘यंग जस्टिस’ नोव्हेंबर 2010 ची, ग्रेग वाइझमन आणि ब्रँडन व्हिएट्टी यांची. तिच्यात हेच मोठे हिरो मागे उभे असतात आणि गोष्ट त्यांच्या हाताखालच्या पोरांची असते : रॉबिन, ॲक्वालॅड, किड फ्लॅश, सुपरबॉय, मिस मार्शियन आणि आर्टेमिस. रॉबिन सुरुवातीला तेरा वर्षांचा आहे. सुपरबॉय दिसायला सोळा वर्षांचा, पण प्रयोगशाळेत तयार होऊन त्याला जेमतेम सोळा आठवडे झालेत.

दोघींमधला खरा फरक कॅडमसमध्ये दिसतो. कॅडमस नावाचा गुप्त प्रकल्प दोन्हीकडे आहे, पण त्याचं काम वेगळं.

‘जस्टिस लीग’मध्ये कॅडमसपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि त्याचं बी दुसऱ्या सीझनच्या ‘अ बेटर वर्ल्ड’ या दोन भागांच्या कथेत पेरलेलं आहे. एका समांतर जगात फ्लॅश मारला गेलाय, सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स लूथर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालाय आणि युद्ध दारात उभं आहे. तिथला सुपरमॅन राष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयात शिरून लूथरला ठार करतो. पुढे त्या जगाची लीग राज्यच करू लागते. गुन्हे नाहीत, युद्धं नाहीत, निवडणुकाही नाहीत. मग आपला बॅटमॅन आणि तिकडचा बॅटमॅन समोरासमोर येतात. तिकडचा म्हणतो, आमच्या जगात बंदूक घेतलेल्या एखाद्या गुंडामुळे आठ वर्षांच्या पोराचे आईबाप जात नाहीत. यावर आपल्या बॅटमॅनला उत्तर सुचत नाही. आयुष्यभर ज्या जखमेवर हा माणूस उभा आहे, नेमकं तिथेच बोट ठेवलेलं असतं. थोड्या वेळाने दोघं गाडीतून शहरातून जात असतात. रस्त्याकडेला एका हॉटेलात बिलावरून कुरकुर करणाऱ्या माणसाला पोलीस धरून नेताना दिसतात. आपला बॅटमॅन एवढंच म्हणतो की आई-बाबांना हे जग फार आवडलं असतं, तुझा अभिमान वाटला असता त्यांना. वाद तिथेच निकालात निघतो. मुलांच्या वाहिनीसाठी 2003 साली लिहिलेला हा प्रसंग आहे, आणि सत्तेबद्दल इतक्या थोडक्यात इतकं नेमकं बोलणारे प्रसंग मोठ्यांच्या मालिकांतही मी फार पाहिलेले नाहीत.

‘अनलिमिटेड’मध्ये हीच भीती सरकारला लागते. आकाशात फिरणारं लीगचं ठाणं, त्यावर खाली रोखता येईल अशी तोफ आणि आत पन्नासावर महाबली. उद्या ही मंडळी बिघडली तर? या प्रश्नापोटी अमँडा वॉलर ही सरकारी अधिकारी कॅडमस चालवते. ती करते ते भयंकरच आहे, पण तिचा मुद्दा खोडता येत नाही आणि मालिका तो खोडायचा प्रयत्नही करत नाही. तिच्यासारखी विरोधक या प्रकारच्या मालिकांना क्वचितच लाभते. या लिखाणात ड्वेन मॅकडफी यांचा मोठा वाटा होता. 2011 मध्ये ते गेले, आणि तशी समज असलेला लेखक ॲनिमेशनला पुन्हा चटकन मिळाला नाही, असं मला मनापासून वाटतं.

याच काळात बॅटमॅनची दुसरी एक ॲनिमेशन मालिका आणि नवे सिनेमे सुरू असल्यामुळे त्याचे नेहमीचे खलनायक ‘अनलिमिटेड’मध्ये जवळजवळ वापरता येत नव्हते. त्याचा फायदाच झाला. ज्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नव्हती, त्या क्वेश्चन, हंट्रेस, ग्रीन ॲरो यांना जागा मिळाली. चेहरा नसलेला, सगळीकडे कटकारस्थान दिसणारा क्वेश्चन तर माझ्या मते या मालिकेची मोठी देणगी आहे.

फ्लॅशचाही एक प्रसंग सांगतो, कारण मालिका आवडेल की नाही हे त्यावरून कळेल. ट्रिकस्टर नावाचा गुन्हेगार एका बारमध्ये बसलाय. बॅटमॅनला त्याच्याकडून माहिती हवी आहे आणि तो दरडावून ती काढायच्या तयारीत आहे. फ्लॅश त्याला थांबवतो, ट्रिकस्टरच्या शेजारी बसतो आणि विचारतो, गोळ्या घेणं बंद केलंस का? तू आत्ता तो पोशाख घालून बसलायस, हे कळतंय का तुला? ट्रिकस्टर खाली बघतो आणि चकित होतो. फ्लॅश त्याला शांतपणे इस्पितळात परत जायला राजी करतो, भेटायला येईन, आपण डार्ट खेळू म्हणतो. आधी ट्रिकस्टर माहिती देतो, मग स्वतःहून परत जायला तयार होतो. एक ठोसाही लागत नाही.

आता दुसरीकडचं कॅडमस. ‘यंग जस्टिस’ सुरूच तिथे होते. 4 जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. रॉबिन, ॲक्वालॅड, किड फ्लॅश यांना लीगच्या मुख्यालयात पहिल्यांदा नेलं जातं. त्यांना वाटतं आता आपण सदस्य झालो, तर मोठी माणसं त्यांना वाचनालयात बसवून कामाला निघून जातात. चिडलेली पोरं न विचारता कॅडमसला लागलेल्या आगीकडे धावतात आणि तळघरात त्यांना सुपरबॉय सापडतो, सुपरमॅनच्या पेशींपासून बनवलेला. आणि सुपरमॅन? त्याला या मुलाकडे बघवतसुद्धा नाही. पहिल्या सीझनभर तो त्याला टाळत राहतो. ज्याने बापासारखं व्हायचं त्यानेच असं पाठ फिरवणं बघताना जीव कासावीस होतो, आणि सुपरमॅनला इतका अपुरा, इतका माणसासारखा दाखवायचं धाडस मालिका करते याचं कौतुकही वाटतं.

तेव्हा एका मालिकेचा प्रश्न आहे, इतकी ताकद असलेल्यांवर लक्ष कुणी ठेवायचं? दुसरीचा प्रश्न, मोठे आपल्यापासून काय लपवतात आणि मग आपणही लपवायला कसे शिकतो? ‘यंग जस्टिस’मध्ये प्रत्येकाच्या पोटात काहीतरी आहे. आर्टेमिस घरच्यांबद्दल खरं सांगत नाही, मिस मार्शियन स्वतःच्या रूपाबद्दल. टीममध्ये कुणीतरी फितूर आहे ही शंका बराच काळ ॲक्वालॅड एकट्याच्या मनात ठेवतो, आणि ती उघडी पडते तेव्हा फितुरीच्या बातमीहून जास्त त्याचं गप्प राहणंच सगळ्यांना लागतं.

पहिल्या सीझनमधले ‘फेलसेफ’ आणि ‘डिसऑर्डर्ड’ हे लागोपाठचे भाग या मालिकेचा कस दाखवतात. पहिल्यात एक मोहीम पूर्ण हाताबाहेर जाते. कशी, ते सांगत नाही. दुसऱ्यात जवळपास मारामारी नाही. लीगची सदस्य ब्लॅक कॅनरी एकेकाला समोर बसवून बोलतं करते. रॉबिन कबूल करतो की मोहीम यशस्वी व्हावी म्हणून त्याने मित्रांना मरणाच्या तोंडी पाठवलं, आणि त्यानंतर त्याला बॅटमॅन व्हायचंच नाहीये. लहानपणापासून ज्याचं बोट धरून हा मुलगा चालला, त्याच्यासारखं होण्याची त्याला भीती वाटते. हे बोलणारा तेरा वर्षांचा आहे, हे लिहिणाऱ्यांनी क्षणभरही नजरेआड होऊ दिलेलं नाही.

आता उण्या बाजू, कारण निवड त्यावरही ठरते.

‘जस्टिस लीग’चा पहिला सीझन संथ आहे. बहुतेक गोष्टी दोन-दोन भागांच्या आणि काही उगाच ताणलेल्या. सुपरमॅन तर जो येईल त्याचा फटका खाऊन कोसळतो. धोका मोठा दाखवायच्या नादात ते झालं, पुढच्या सीझनमध्ये ते सुधारलंय. दुसऱ्या सीझनपासून मालिका वेगळीच होते. पहिल्यातले सगळे भाग बघायलाच हवेत असं नाही. ‘सीक्रेट ओरिजिन्स’च्या तीन भागांनी सुरुवात करा, ‘लेजंड्स’ बघा, शेवटची दुसऱ्या महायुद्धातली ‘द सॅव्हेज टाइम’ बघा आणि पुढे सरका. तरीही गोष्ट कळते.

‘यंग जस्टिस’मध्ये ही सूट नाही. पडद्यावर सारख्या तारखा, वेळा आणि ठिकाणं झळकतात, आणि त्या लक्षात ठेवाव्या लागतात. एक भाग सुटला की पुढे अडखळायला होतं. दुसरा सीझन थेट पाच वर्षं पुढे उडी मारतो : रॉबिन आता नाइटविंग या नव्या नावाने वावरणारा, नवाच मुलगा रॉबिन म्हणून वावरतोय, जोड्या मोडल्यात, आणि या पाच वर्षांत काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळतं. काहींना हे कोडं आवडतं. मला आवडलं. पण जेवताना एक भाग लावायचा ही ज्यांची सवय, त्यांची चिडचिड होईल. शिवाय 2013 मध्ये मालिका बंद पडली होती. तिचा खर्च बराचसा खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर चालायचा, खेळणी अपेक्षेइतकी खपली नाहीत आणि पैसा आटला. प्रेक्षकांनी लावून धरल्यामुळे ती 2019 मध्ये परतली, पण आता टीव्हीऐवजी ऑनलाइन. चौथा सीझन 2022 मध्ये संपला. परतलेल्या मालिकेत पात्रांची इतकी गर्दी झालीय की तिसऱ्या सीझनमध्ये मूळ मंडळी मागे पडतात. चौथा पहिल्या सीझनमधल्या ओळखीच्या माणसांकडे एकेक करून परत जातो, तेव्हा हायसं वाटतं.

‘जस्टिस लीग’चं नशीब याबाबतीत चांगलं. तिच्या लेखकांना वाटलं की हा शेवट, म्हणून त्यांनी शेवट लिहिला, आणि मग पुढचे भाग मिळाले. असं पुन्हा झालं. त्यामुळे तिला ‘स्टारक्रॉस्ड’, ‘एपिलॉग’ आणि 2006 चा ‘डिस्ट्रॉयर’ असे तीन भरीव शेवट आहेत, तिघांपैकी कुठेही थांबलात तरी अर्धवट सोडल्यासारखं वाटत नाही. ‘एपिलॉग’ मात्र चुकवू नका. बॅटमॅन कोण आहे हे त्यात एका लहान मुलीशेजारी झोक्यावर बसून सांगितलंय.

वयाचं म्हणाल तर नऊ-दहा वर्षांच्या मुलांसोबत ‘जस्टिस लीग’ निश्चिंतपणे लावा. इंग्रजी जेमतेम समजत असलं तरी चित्रांवरून बरंचसं कळतं. ब्रूस टिमची सरळ रेषांची, भरदार खांद्यांची माणसं कोण कोणावर रागावलंय हे उभं राहण्यातूनच सांगतात. ‘यंग जस्टिस’चे पहिले दोन सीझन बारा-तेराच्या पुढे चालतील. तिसऱ्यापासून पोरांना पळवून त्यांच्यावर प्रयोग करणं, त्यांची खरेदी-विक्री आणि उघडं रक्त आहे. ते पंधराच्या आत नको, आणि पंधरालाही आईवडील सोबत असलेले बरे. संवादही भराभर येतात, तेव्हा सबटायटल्स लावूनच बघा.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर या दोन्ही बाजूला ठेवा आणि 2003 ची ‘टीन टायटन्स’ लावा. 65 भाग, पाचच हिरो, भरपूर विनोद, आणि तरी रेव्हनसारखी स्वतःच्याच बापाला घाबरणारी मुलगी त्यात आहे. नंतरची ‘टीन टायटन्स गो!’ ही वेगळी, निव्वळ हसवणारी मालिका. शोधताना दोघींची गल्लत होते. मार्व्हलच्या सिनेमांमुळे इकडे वळला असाल, तर ‘दि ॲव्हेंजर्स : अर्थ्स मायटिएस्ट हीरोज’चे 52 भाग तुमच्यासाठी आहेत.

कानांसाठीही एक गोष्ट. लोलिता रिटमानिस, मायकल मॅकक्विस्टियन आणि क्रिस्टोफर कार्टर या त्रयीने ‘जस्टिस लीग’लाही संगीत दिलंय आणि ‘यंग जस्टिस’लाही. ‘जस्टिस लीग’ची सुरुवातीची धून रिटमानिस यांची. ती वाजायला लागली की पुढे बटण दाबून उडवू नका.

मला विचाराल तर मोठ्या माणसाने आधी ‘जस्टिस लीग’ घ्यावी, दुसऱ्या सीझनपर्यंत धीर धरावा आणि मग ‘यंग जस्टिस’कडे यावं. आधी या हिरोंच्या पूर्ण उंचीची ओळख झालेली असली की सुपरबॉय मान वर करून कुणाकडे बघतोय आणि समोरून त्याला काय मिळत नाहीये, ते जास्त लागतं. पण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बघणार असेल, आणि घरात सध्या ‘तुला काही कळत नाही, तू थांब’ हे वाक्य रोज ऐकू येत असेल, तर सरळ ‘यंग जस्टिस’ लावा. पहिले दोन भाग सलग बघा, गोष्ट तिथेच जमते. त्यांच्यासोबत तुम्हीही बसा.