कॉन्फिडन्सचा क्लास, सात महिन्यांनंतर: १४,७५० रुपये आणि तो चार सेकंदांचा नियम

काल क्लासवाल्यांचा फोन आला, ॲडव्हान्स लेव्हल सुरू होतेय, जुन्या स्टुडंटला २२,००० मध्ये देतोय. मी सरळ नको म्हटलं आणि फोन ठेवला. सात महिन्यांपूर्वी मला हे जमलंच नसतं, "बघतो, सांगतो" करत आठवडा काढला असता. मग उपयोग झाला की नाही? झाला, पण ज्याचे पैसे घेतले त्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

क्लास इंदूरच्या विजय नगरचा, नाव घेत नाही. पुरुषांसाठी वेगळी बॅच, १६ रविवार, १२,५०० वर १८ टक्के जीएसटी. चारचौघांत न बुजता बोलायला शिकवतो म्हणतात. मी ३१ वर्षांचा, पीथमपूरला औषध कंपनीत क्वालिटीला आहे. कामाचं बोलणं व्यवस्थित येतं, काम संपलं की तोंड बंद. लग्नात गेलो की ताट घेऊन कोपरा गाठायचा आणि मोबाईल काढायचा. मागच्या वर्षी एक स्थळ बघायला गेलो, आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं, मी तीन प्रश्न विचारले, तिने तीन उत्तरं दिली, खाली आलो. चांगली मुलगी होती. ते फार लागलं मला.

आता तो नियम. समोरच्याच्या डोळ्यांत चार सेकंद बघायचं, मग एक सेकंद नजर बाजूला, परत चार. आरशासमोर प्रॅक्टिस, जोड्या लावून प्रॅक्टिस, घरी आईसमोर प्रॅक्टिस. पहिले पाच रविवार जवळजवळ ह्याच्यातच गेले. आणि झालं काय, तर माणूस बोलतोय आणि मी मनात एक दोन तीन चार मोजतोय, तो काय बोलला ते ऐकूच येत नाही. आधी नुसता गप्प होतो, आता गप्प आणि वर टक लावून बघणारा. आई म्हणाली, "असं काय बघतोस रे, बरं वाटत नाहीये का?"

ह्याला आधार म्हणून क्लासने दिलेल्या वहीच्या पहिल्याच पानावर छापलंय की संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८, चेहरा आणि देहबोली ५५. मी शोधून वाचलं. हे आकडे मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत, त्यात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले, एकात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही एवढंच लोकांना ओळखायला सांगितलं. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही असं तो स्वतःच सांगत आलाय. सरांना विचारलं तर म्हणाले, "निगेटिव्ह मत सोचो." तेव्हाच एक स्टार देणार होतो.

पण इथे मत बदलावं लागलं. रोज एका अनोळखी माणसाशी बोलायचं आणि रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या, असं गृहपाठाचं एक पान होतं. सरांनी ते कधी तपासलं नाही, मी मात्र पैसे वसूल करायचे म्हणून इमानदारीने केलं. सुरुवात पोह्याच्या ठेल्यावर, "भिया, आज उसळ आहे का" एवढंच. महिनाभर असंच चाललं.

मग कंपनीच्या बसमध्ये. माझ्या शेजारी दोन वर्षं एकच काका बसायचे, आमचं बोलणं म्हणजे सकाळी "राम राम", ते पण हिंदीत. त्या दिवशी त्यांचा फोन वाजला आणि ते म्हणाले, "अगं हो, पोचल्यावर करतो." दोन वर्षं दोन मराठी माणसं! फोन ठेवला आणि त्यांची बोटं डब्याच्या झाकणावर चालायला लागली, तर्जनी काठावर, दुसरा हात चपटा. ही बोटं मी रोज बघत होतो, पण लक्ष सगळं स्वतःकडे, त्यामुळे दिसलीच नव्हती. विचारलं, "काका, तबला वाजवता?" म्हणाले, "वाजवायचो." पूर्वी मी इथेच थांबलो असतो. ह्या वेळी म्हटलं, "मग सोडला का?" पीथमपूर येईपर्यंत ते बोलत होते, राजेंद्र नगरचं भजनी मंडळ, शिफ्ट ड्युटी, मोडलेला अंगठा, सगळं. मी त्यांच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही, दोघं समोरच्या सीटकडे बघत होतो आणि मी मधेमधे त्यांच्या हाताकडे.

माझ्यासाठी सगळा कोर्स त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिला प्रश्न पाठ करता येतो, दुसरा ऐकल्याशिवाय सुचतच नाही. आणि बोलून आल्यावर "आपण बोअर केलं" असं जे वाटतं ना, त्यावर २०१८ मध्ये अमेरिकेत अभ्यास झालाय, आपल्याला वाटतं त्यापेक्षा समोरच्याला आपण जास्त आवडलेलो असतो. हे वहीच्या पहिल्या पानावर छापा ना!

एका गोष्टीचा मात्र राग अजून आहे. बॅचमध्ये एक मुलगा होता, चारचौघांत जेवायला बसला की हात कापायचे, घाम फुटायचा. त्यालाही चार सेकंद. त्याला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. मीच टेली-मानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिला, १४४१६, फोन फुकट आहे.

सर्व्हिसचं थोडक्यात: तीन रविवार बॅच रद्द झाली, बदल्यात रेकॉर्डेड व्हिडिओ. हिशोबाने २,७६५ रुपये परत मागितले, चार मेल केले, उत्तर नाही. मग स्वतः काउंटरवर जाऊन उभा राहिलो आणि आवाज न चढवता पाऊण तास बोललो. २,००० मिळाले.

दोन स्टार, दोन्ही त्या गृहपाठाच्या पानाला. तेवढं करायला क्लास लागत नाही, चाळीस पानी वही पुरते. काकांनी अंगठ्याला तेल लावायला सुरुवात केलीये, गुरुवारी मंडळात मला पण बोलावलंय.