वॉलनट गावात राहून अक्रोडाचं रोप विकत आणलं, त्याची गोष्ट

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला आमचं गाव, नाव वॉलनट. मोठा रस्ता नोगालेस, म्हणजे स्पॅनिशमध्ये पुन्हा अक्रोडच. १८४० सालच्या 'रांचो लोस नोगालेस' या जहागिरीपासूनचं हे नाव. झाडं मात्र आता टेकड्यांच्या घळींत उरलीत, बाकी सगळी घरं. त्यातलंच एक आमचं. म्हणून गेल्या नोव्हेंबरात देशी झाडांच्या एका नर्सरीतून इथल्या रानटी काळ्या अक्रोडाचं, जुग्लन्स कॅलिफोर्निकाचं, रोप आणलं. एक गॅलनची कुंडी, २२ डॉलर.

पानगळ झालेली, त्यामुळे हातात नुसती काठी. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढे पैसे मोजून छत्रीची दांडी आणलीस?"

काठीबद्दल माझी तक्रार नाही, मुळाबद्दल आहे. कुंडी उपडी केली तर सोटमूळ तळाशी जिलबीसारखं वेटोळं घालून बसलेलं! सरळ खाली जाणारं मूळ ते, एवढ्याशा कुंडीत इतके दिवस ठेवायलाच नको होतं. अर्धा तास बसून सोडवलं, टोक छाटलं, मग लावलं. आणखी एक. या झाडाच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य मातीत उतरतं, टोमॅटो-वांगी त्याच्याजवळ तग धरत नाहीत. काउंटरवर कुणी चकार शब्द काढला नाही. मी पहिला खड्डा नेमका वांग्यांच्या वाफ्याला लागून खणला होता. शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून ओरडून थांबवलं, म्हणून वांगी वाचली.

एका गोष्टीला मात्र पैकीच्या पैकी: बी कुठल्या टेकडीवरचं, ते लेबलवर लिहिलेलं होतं. उत्तर कॅलिफोर्नियातला काळा अक्रोड कलमांच्या खुंटासाठी बागायतदारांनी सगळीकडे नेला आणि दोघांचा संकर होतो, त्यामुळे अस्सल रोप मिळणं सोपं नाही. मे महिन्यात पानं मोठी झाल्यावर मी भिंग घेऊन उलटी करून पाहिली. शिरांच्या बेचक्यात केसांचे झुबके असले तर तो उत्तरेकडचा. एकही झुबका नव्हता.

बर्फीच्या आशेने घेऊ नका. फळ गोटीएवढं, कवच दगडासारखं, तेही खारींनी ठेवलं तर.

पाचपैकी साडेतीन तारे. घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी कुंडी उपडी करून दाखवायला सांगा, भीड बाळगू नका.